जन्मठेप म्हणजे नक्की किती वर्षं? आणि ती ठरवतं कोण?

आमच्या गावाकडं एक मावशी आहेत, नात्यातल्या नाहीत पण सगळे मावशीच म्हणतात. त्यांच्या थोरल्या मुलाचा खून झाला त्याला आता बरीच वर्षं झाली. आरोपीला जन्मठेप लागली, त्या दिवशी कोर्टाबाहेर पेढे वाटले नाहीत पण केस एकदाची संपली असं सगळ्यांनी धरलं. मग एका दुपारी चौकीतले हवालदार मोटरसायकलवर आले, ओसरीवर बसले, पाणी प्यायले आणि पिशवीतून कागद काढून म्हणाले की अमक्याचा संचित रजेचा अर्ज आलाय, तुमची काही हरकत असली तर सांगा, जबाब लिहून घेतो. मावशींनी विचारलं, "म्हंजी सुटला का त्यो?" हवालदार म्हणाले, नाही हो, रजेवर येणार. तर मावशी म्हणाल्या, "जल्मठेपेला रजा असती?"

ओसरीवर बारा-पंधरा माणसं जमली होती, त्यात दोन ग्रॅज्युएट, एक रिटायर मास्तर. एकालाही नीट उत्तर देता आलं नाही. मलाही नाही.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. बीडच्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला, मोर्चे निघाले, घरच्यांनी फाशीची मागणी केली, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच कोणीतरी लिहिलंच, "काही उपयोग नाही, १४ वर्षांनी सगळे बाहेर." दुसऱ्यानं भर घातली की १४ कसले, जेलमध्ये दिवस वेगळा आणि रात्र वेगळी मोजतात म्हणून सातच. ही दिवस-रात्रीची गोष्ट मी शाळेत असल्यापासून ऐकतोय आणि ती शंभर टक्के थाप आहे. जेलमध्ये पण दिवस चोवीस तासांचाच असतो.

कायद्यात शिक्षा कमी नाहीये, घोळ वेगळाच आहे

"कायदे कडक करा" ही मागणी ऐकली की वाटतं की आपल्याकडं खुनाला काहीतरी पाच-सात वर्षांची शिक्षा असेल. तसं नाहीये. जुन्या भारतीय दंड विधानात, म्हणजे आयपीसीत, कलम ३०२ होतं आणि १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहितेत तेच कलम १०३ झालं. दोन्हीकडं खून सिद्ध झाला की शिक्षा दोनच, फाशी नाहीतर जन्मठेप, वर दंड. तिसरा पर्याय जजसाहेबांकडं नाहीच. म्हणजे कागदावर बघितलं तर याहून वर जायला जागाच नाही.

मग घरची माणसं वर्षानुवर्षं लढतात ती नक्की कशासाठी? माझं वाचून-ऐकून झालेलं मत असं की भांडण "किती शिक्षा लिहिली" याचं नसतंच. भांडण असतं निकालानंतर काय होतं याचं. कोर्टात जन्मठेप सुनावली जाते ती सगळ्यांसमोर, पण तिची वर्षं किती हे ठरतं खूप नंतर, जेलच्या आणि मंत्रालयाच्या फायलीत, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांना तिथं कोणी बोलवत नाही.

मग ते १४ आलं कुठून

जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. याच्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, तोही १९६१ चा, आणि त्या केसचं नाव आपल्या माणसांना दचकवणारं आहे: गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे कोर्टात गेले की बाबा जन्मठेप म्हणजे २० वर्षं, मला मिळालेली सगळी सूट धरली तर माझी २० भरली, आता सोडा. कोर्ट म्हणालं नाही, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, सरकारनं रीतसर माफी दिली तरच मधे सुटका. (सरकारनं त्यांना पुढं १९६४ मध्ये सोडलं, तो वेगळा विषय.)

ते २० वर्षांचं पण खोटं नव्हतं बरं का. कायद्यात असं एक कलम आहे की शिक्षेचा हिस्सा काढायचा असेल, म्हणजे अमुक गुन्ह्याला जन्मठेपेच्या निम्मी शिक्षा वगैरे, तर हिशोबापुरती जन्मठेप २० वर्षं धरा. आयुष्याचं निम्मं कसं काढणार, म्हणून केलेली सोय, बस.

आणि १४? ते १९७८ साली आलं. त्याआधी काही राज्यं जन्मठेपेच्या कैद्यांना फार लवकर सोडत होती म्हणून संसदेनं फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ असं कलम घातलं, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४७५ आहे. ते म्हणतं की ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप लागलेल्याला प्रत्यक्ष १४ वर्षं आत काढल्याशिवाय सोडता येणार नाही. बघा गंमत, हे कलम कैद्याला सोडण्यासाठी नाही, अडवण्यासाठी आलं होतं. बँकेच्या ठेवीला लॉक-इन असतो ना तसं समजा. लॉक-इन संपला म्हणजे पैसे आपोआप घरी येत नाहीत, फक्त त्याआधी अर्ज चालत नाही एवढंच. पण लोकांच्या तोंडी किमानचं कमाल झालं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच सरकारांनी पण तसंच वागून दाखवलं.

माफी आणि दोन प्रकारच्या रजा

इथं तीन शब्द समजून घेतले की पुढचं सोपं आहे. पहिला माफी, म्हणजे शिक्षेतली सूट. चांगलं वागलं, नेमून दिलेलं काम केलं की कैद्याच्या खात्यावर दिवस जमा होत जातात, नोकरीत हक्काची रजा साठते तशी. पण जन्मठेपेत हे साठलेले दिवस परस्पर वळते होत नाहीत, शेवटी राज्य सरकारनं मुदतीआधी सुटकेचा हुकूम काढावा लागतो. त्यासाठी प्रत्येक राज्याची धोरणं आहेत. खून कसा केला, कोणाचा केला, टोळी होती का, बाई-मूल होतं का, यावरून गट पाडलेत आणि प्रत्येक गटाला किती वर्षांनी विचार करायचा ते लिहिलंय.

दुसरा शब्द संचित रजा, ज्याला फर्लो म्हणतात. काही वर्षं आत काढली की घरच्यांशी संबंध तुटू नयेत म्हणून मिळणारी रजा, कारण द्यावं लागत नाही. तिसरा अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, घरी कोणी वारलं, कोणी अत्यवस्थ आहे वगैरे अडचणीसाठी. मावशींकडं आलेला कागद संचित रजेचा होता.

ह्या रजा वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण त्यातून काय होऊ शकतं ते मुंबईनं बघितलंय. २०१२ मध्ये वडाळ्याला एका तरुण वकील मुलीचा तिच्याच बिल्डिंगच्या वॉचमननं खून केला, २०१४ मध्ये त्याला जन्मठेप लागली, २०१६ मध्ये तो नाशिक जेलमधून पॅरोलवर सुटला आणि पळाला. सापडला थेट ऑक्टोबर २०१७ मध्ये. मधल्या दीड वर्षात त्या मुलीच्या आई-वडिलांनी रात्री कशा काढल्या असतील ते आपण न बोललेलंच बरं. त्यानंतर राज्यानं रजेचे नियम आवळले.

एका आईनं "जन्मठेप" या शब्दात आकडा लिहून घेतला

आता ज्या केसमुळं मला हे सगळं नीट कळलं ती. फेब्रुवारी २००२, गाझियाबादला एका लग्नाला गेलेला नीतीश कटारा नावाचा तरुण तिथून परत आलाच नाही. उत्तर प्रदेशातले वजनदार नेते डी. पी. यादव यांच्या मुलीशी त्याचं प्रेम होतं आणि ते तिच्या भावाला, विकास यादवला, मान्य नव्हतं. मृतदेह खुर्जा भागात रस्त्याकडेला सापडला, इतका जाळलेला की ओळख पक्की करायला डीएनए टेस्ट करावी लागली.

नीतीशची आई नीलम कटारा. यांनी पहिली गोष्ट काय केली असेल तर खटलाच उचलून उत्तर प्रदेशाबाहेर नेला. सुप्रीम कोर्टात अर्ज केला की तिथं साक्षीदार टिकणार नाहीत, आणि त्याच वर्षी केस दिल्लीला आली. मग साक्षीदार फिरायला लागले. विकासची बहीण, जिची साक्ष सगळ्यात महत्त्वाची, ती परदेशात, तिला बोलवायलाच वर्षं गेली, शेवटी २००६ मध्ये ती आली. मे २००८ मध्ये विकास आणि त्याचा चुलत भाऊ विशाल यांना जन्मठेप. इथं आपल्यापैकी बहुतेकांनी हात जोडून घर गाठलं असतं.

त्या थांबल्या नाहीत, कारण त्यांना हेच कळलं होतं जे आमच्या ओसरीवर कोणाला माहीत नव्हतं, की नुसती जन्मठेप म्हणजे कोरा चेक आहे, आकडा नंतर दुसराच कोणी भरणार. आणि भरणारा जर सरकारमधला असेल आणि आरोपीचा बाप राजकारणातला, तर? त्यांनी शिक्षा वाढवा म्हणून हायकोर्टात अर्ज केला, सरकारतर्फे पण अपील झालं, फाशीची मागणी झाली.

दिल्ली हायकोर्टानं फेब्रुवारी २०१५ मध्ये फाशी दिली नाही, पण विकास आणि विशालला खुनासाठी २५ वर्षं, माफीशिवाय, आणि पुरावा नष्ट केल्याबद्दल आणखी ५ वर्षं, तीही पहिली संपल्यावर, अशी ३० सुनावली. तिसरा आरोपी सुखदेव पहिलवान, त्याला माफीशिवाय २० आणि वर तशीच ५, अशी २५. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०१६ मध्ये म्हटलं की ती ५ वर्षं वेगळी नकोत, बरोबरच चालू दे, म्हणजे विकास-विशालला २५ आणि सुखदेवला २०. खून २००२ चा, शेवटचा आकडा २०१६ चा. चौदा वर्षं तर आईनंच भोगली.

हे "माफीशिवाय इतकी वर्षं" प्रकरण कायद्याच्या पुस्तकात नव्हतं बरं का. २००८ मध्ये कर्नाटकच्या स्वामी श्रद्धानंद खटल्यात सुप्रीम कोर्टापुढं पेच पडला, की फाशी द्यावी इतकंही पटत नाही आणि १४ वर्षांनी हा माणूस सुटला तर तेही सहन होत नाही. म्हणून मधली पायरी काढली. २०१५ मध्ये राजीव गांधी हत्येच्या केसमध्ये, श्रीहरन खटल्यात, पाच न्यायाधीशांनी त्याच्यावर शिक्का मारला, पण एक अट घालून, की ही शिक्षा फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टच देऊ शकतं. म्हणजे जिल्ह्याच्या सेशन कोर्टात ती मागून उपयोग नाही. ज्या घराला हायकोर्टापर्यंत जाणं परवडतं आणि जमतं त्यांच्यापुरतीच ती सोय राहिली, हे मला खटकतं.

आणि ट्विस्ट अजून बाकीच आहे. सुखदेवची २० वर्षं मार्च २०२५ मध्ये भरली. तिहार जेलनं सोडलं नाही, शिक्षा आढावा मंडळ म्हणालं वागणूक ठीक नाही. कटारांचं म्हणणं असं की मूळ शिक्षा जन्मठेपच आहे, २० वर्षं माफी नाही याचा अर्थ २० नंतर तो माफी मागू शकतो, आपोआप सुटत नाही. ऐकायला एकदम बरोबर वाटतं ना? सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये त्याला सोडायला सांगितलं, की ठराविक वर्षांची शिक्षा दिली आणि ती पूर्ण भोगली तर आता मंडळाची परवानगी कसली, त्याहून एक दिवस जास्त ठेवणं बेकायदा. म्हणजे आईनं जो आकडा मिळवला तोच दुसऱ्या बाजूनं आरोपीचा हक्क झाला. आकडा मागितला की तो दोन्हीकडून बांधतो.

घरच्यांना अपील करता येतं का?

अर्धवट. २००९ च्या अखेरीपासून पीडिताला, आणि तो गेला असेल तर त्याच्या वारसांना, स्वतः अपील करता येतं, पण तीनच कारणांसाठी. आरोपी सुटला तर, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरवला तर, किंवा भरपाई कमी दिली तर. चौथं कारण, म्हणजे शिक्षाच कमी दिली, त्यासाठी अपील नाही. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये परविंदर कंसल खटल्यात हे स्पष्टच सांगितलं, आणि नव्या कायद्यातही तसंच आहे. शिक्षा वाढवून मागायचं अपील फक्त सरकार करू शकतं.

म्हणजे तुमच्या मुलाच्या खुन्याला कमी शिक्षा झाली असं तुम्हाला वाटलं तर तुम्ही सरकारी वकिलांच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर बसायचं आणि विनंती करायची. दुसरी एक चोरवाट आहे, रिव्हिजन नावाची, म्हणजे हायकोर्टाला सांगायचं की खालच्या कोर्टाचं काम तुम्ही स्वतः तपासा. नीलम कटारांनी तीच वापरली होती. पण हायकोर्टानं बघायलाच पाहिजे असा त्यात हक्क नसतो, मर्जी असते.

एक चांगली गोष्ट म्हणजे लखीमपूर खेरीच्या केसमध्ये २०२२ ला सुप्रीम कोर्टानं म्हटलं की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेतलं पाहिजे, तो नुसता बघ्या नाही. जामिनाच्या वेळी याचा उपयोग होतो. तेव्हा कोणावर अशी वेळ आलीच तर सरकारी वकिलाच्या भरवशावर न राहता मदतीला स्वतःचा वकील पहिल्या दिवसापासून ठेवा, कायद्यानं ते चालतं.

पण मग सरळ फाशीच का नको?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. १९८० च्या बचन सिंग निकालापासून फाशी फक्त "दुर्मिळातल्या दुर्मिळ" केसमध्ये. सेशन कोर्टानं दिली तरी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय ती लागू होत नाही, मग सुप्रीम कोर्ट, मग फेरविचार, मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडं दयेचा अर्ज. निर्भयाच्या आई आशादेवी आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितल्या, डिसेंबर २०१२ चा गुन्हा, फाशी २० मार्च २०२० ला, आणि त्याआधी तीनदा तारीख निघून पुढं गेली. आणि ही देशातली सगळ्यात गाजलेली केस होती.

न गाजलेल्यांचं काय होतं ते महाराष्ट्रातच बघा. पुण्यात २००७ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या कॉल सेंटरमधल्या मुलीवर कॅबच्या ड्रायव्हरनं आणि त्याच्या साथीदारानं अत्याचार करून खून केला. फाशी झाली, सुप्रीम कोर्टानं २०१५ ला कायम केली, दयेचा अर्ज २०१७ ला फेटाळला. आणि मग फाईल पडून राहिली. फाशीचं वॉरंट निघालं २०१९ मध्ये, आरोपी हायकोर्टात गेले की इतकी वर्षं रोज मरणाची वाट बघायला लावणं ही पण शिक्षाच आहे, आणि मुंबई हायकोर्टानं जुलै २०१९ मध्ये फाशीची ३५ वर्षं केली. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये ते मान्य केलं. कोल्हापूरच्या गावित बहिणींचं तेच, लहान मुलांना पळवून मारलेल्या, २००६ ला फाशी कायम झालेली, जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेप झाली कारण दयेच्या अर्जावर निर्णयाला साडेसात वर्षांच्या वर लागली.

कोर्टाचं तत्त्व चुकीचं आहे असं मला वाटत नाही. पण बघा ना, उशीर केला सरकारी टेबलांनी, फायदा झाला आरोपीला, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांना कोणी विचारलं पण नाही. फाशीची मागणी करणाऱ्या मोर्च्यात हे कोणी सांगत नाही की फाशी मिळाली म्हणजे तुम्ही अजून दहा-पंधरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढणार आहात.

घरच्यांच्या मनासारखी शिक्षा द्यायची का मग?

इथं मी थोडा उलट बोलणार आहे. नाही, देऊ नये. खून हा कायद्यानं फक्त त्या घराविरुद्धचा गुन्हा नाही, सगळ्यांविरुद्धचा आहे, म्हणून तर केस "सरकार विरुद्ध अमुक" अशी चालते. समजा शिक्षा घरच्यांच्या दुःखावर ठरायला लागली तर स्टेशनवर झोपणाऱ्या, कोणीच मागं नसलेल्या माणसाचा खून स्वस्त होईल. आणि दुःख तरी एकसारखं कुठं असतं? जेसिका लाल केसमध्ये आरोपी मनू शर्माला जन्मठेप झाली ती बहीण सबरीना लालच्या आणि लोकांच्या रेट्यामुळं, पण २०१८ मध्ये त्याच सबरीनानं कळवलं की मी त्याला माफ केलंय, सोडलं तर माझी हरकत नाही. तो २०२० मध्ये सुटला. नीलम कटारांनी माफ केलं नाही. दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत, कोणाला काय वाटावं हे आपण कोण सांगणार.

पण ठरवू न देणं वेगळं आणि ऐकूनच न घेणं वेगळं. गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो केसमध्ये १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारच्या माफीनं अकरा जण जेलमधून बाहेर आले, हार-पेढे झाले. तिच्या तीन वर्षांच्या मुलीसकट घरातली माणसं मारणारे हे. निर्णय घेण्याआधी तिला एका शब्दानं कोणी विचारलं नव्हतं. जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ती माफी रद्द केली, आणि कारण काय तर खटला मुंबईत चालला होता म्हणून माफीचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नाहीच. मुंबईच्या कोर्टाचं मत पण सुटकेच्या विरोधात होतं. कायदा स्पष्ट होता तरी माणसं दीड वर्ष बाहेर फिरली.

आणि कुठलं धोरण लावायचं हाही एक खेळ आहे. अरुण गवळी, शिवसेनेच्या नगरसेवकाच्या खुनात २०१२ मध्ये जन्मठेप. त्यानं २००६ चं जुनं धोरण दाखवलं की ६५ वर्षांवरच्या अशक्त कैद्याला १४ वर्षांनी सोडता येतं. सरकार म्हणालं २०१५ मध्ये नियम बदललेत, मकोकावाल्यांना, म्हणजे संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांना, हे नाही. नागपूर खंडपीठानं एप्रिल २०२४ मध्ये गवळीच्या बाजूनं निकाल दिला, सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली, आणि शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये जामीन देऊन टाकला, अपिलाला इतकी वर्षं झाली म्हणून. एवढं वाचून तुमचं डोकं फिरलं असेल, तर ज्या घरातलं माणूस गेलं त्यांचं काय होत असेल.

दबाव आणून कायदा बदलला की सगळं नीट होतं?

इंग्लंडचं एक उदाहरण आहे, मला फार शिकवून गेलं. तिथं खुनाला जन्मठेपच असते पण किमान किती वर्षं आत काढायची ते जज त्याच दिवशी सांगतो, हे आपल्यापेक्षा बरं. २००८ मध्ये लंडनमध्ये बेन किन्सेला नावाच्या १६ वर्षांच्या मुलाला सुरे घेऊन आलेल्या टोळक्यानं मारलं. घरच्यांनी मोहीम काढली आणि २०१० पासून, सुरा सोबत घेऊन जाऊन खून केला तर किमान मुदतीचा हिशोब १५ ऐवजी २५ वर्षांपासून सुरू व्हायला लागला. योग्यच वाटतं.

पण मग बायका घरात मारल्या जातात तेव्हा? सुरा कुठून येतो? स्वयंपाकघरातून. तो कोणी "सोबत आणलेला" नसतो. म्हणून तिथं हिशोब १५ पासूनच. कॅरोल गूल्ड आणि ज्युली डेव्ही ह्या दोन आया, दोघींच्या मुली जुन्या प्रियकरांनी किचनमधल्या सुरीनं मारलेल्या, एकाला साडेबारा वर्षं किमान, दुसऱ्याला सोळा. त्या विचारत राहिल्या की रस्त्यावर मेलेल्याचा जीव माझ्या मुलीपेक्षा दहा वर्षांनी महाग का? सरकारला मग चौकशी नेमावी लागली, काही कलमं बदलावी लागली. एका घराच्या दुःखानं लिहिलेल्या नियमात दुसऱ्या घराचं दुःख बसत नाही, आणि याला त्या पहिल्या घराचा काही दोष नाही, घाईघाईत एकाच केसकडं बघून कायदा करणाऱ्यांचा आहे.

आणि माणूस सुधारतच नाही का?

सुधारतो. आपल्याच सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानानं १९३९ मध्ये काढलेली उघडी वसाहत, जिथं जन्मठेपेचे कैदी बायका-मुलांसकट राहून शेती करतात. भिंत नाही. आशाच उरली नाही तर आतला माणूस चांगलं वागेल कशाला, हा जेल अधिकाऱ्यांचा मुद्दा मला पटतो, म्हणून सगळ्यांनाच मरेपर्यंत ठेवा असं मी म्हणणार नाही. तो सुटणार असेल तर सुटू दे, पण कधी, का आणि कोणाच्या सहीनं, एवढं तरी त्या घराला आधी लेखी कळलं पाहिजे की नाही?

मावशींनी त्या दिवशी हवालदाराला सांगितलं, "लिवा, हरकत हाय." सही येत नाही, अंगठा दिला. त्यांना वाटलं झालं, थांबला. तो रजेवर आला, मुदत भरली तसा परतही गेला, कोणाला त्रास दिला नाही. मावशींना ते कळलं महिन्याभरानं, किराणा दुकानात, तेलाची पिशवी घेताना, दुकानदार सहज म्हणाला की परवा हिथंच उभा होता तो, साखर नेली.